कच्च्या मालाच्या किमती आणि खत उद्योगाची पतपात्रता

प्रस्तावना

मृग नक्षत्राच्या तोंडावर शेतकऱ्याला खताचे पोते मिळते की नाही, हा प्रश्न सर्वसाधारणपणे पुरवठा, वाहतूक अथवा साठेबाजी या अंगांनी चर्चिला जातो. ते पोते गोदामात येण्यापूर्वी चार-सहा महिने खत कंपनीच्या बँकेत जे घडते, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. फॉस्फरिक आम्ल किंवा अमोनियाचे जहाज मागवायचे तर बँकेने पतपत्र उघडावे लागते. पतपत्र उघडायचे तर कंपनीची मंजूर कर्जमर्यादा शिल्लक असावी लागते आणि ती मर्यादा कंपनीच्या पतपात्रतेवर ठरते. जागतिक बाजारातील कच्च्या मालाची किंमत आणि गावातील कृषी सेवा केंद्रातील पोते यांच्यामध्ये कंपनीची पत हा एक न दिसणारा दुवा आहे. हा दुवा नेमका कसा कार्य करतो, याचे भारतीय खत उद्योगाच्या संदर्भात स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पतपात्रतेची संकल्पना

पतपात्रता म्हणजे कर्जदाराची मुद्दल व व्याज ठरलेल्या वेळी फेडण्याची क्षमता आणि तयारी होय. या व्याख्येतील ‘ठरलेल्या वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नफा असूनही वेळेवर रोख रक्कम हाती न आल्यास कर्जदार कसूरदार ठरू शकतो. भारतात क्रिसिल (१९८७), इक्रा (१९९१), केअर (१९९३) इत्यादी पतमानांकन संस्था ‘एएए’ पासून ‘डी’ पर्यंतच्या श्रेणींत कर्जदाराचे स्थान निश्चित करतात. ‘बेसल-२’ निकष लागू झाल्यानंतर बँकांच्या कर्जांनाही अशा मानांकनाचे महत्त्व आले, कारण उच्च मानांकनाच्या कर्जदारासाठी बँकेला तुलनेने कमी भांडवल राखावे लागते. परिणामी मानांकन घसरले की व्याजदर वाढतो, आणि व्याजाचा भार वाढला की मानांकन आणखी घसरण्याची शक्यता निर्माण होते.

मानांकन करताना प्रामुख्याने तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, ढोबळ नफा व्याजाच्या किती पट आहे, म्हणजेच व्याज-संरक्षण गुणोत्तर. दुसरी, एकूण कर्जाचे ढोबळ नफ्याशी व स्वनिधीशी असलेले प्रमाण. तिसरी, रोखता, म्हणजे येत्या वर्षात देय असलेल्या रकमा भागविण्याइतकी रोकड व न वापरलेली कर्जमर्यादा उपलब्ध आहे काय. कच्च्या मालाची किंमत या तिन्ही गोष्टींवर वेगवेगळ्या मार्गांनी परिणाम करते.

खत उद्योगातील कच्चा माल

खताच्या उत्पादनखर्चात कच्च्या मालाचा वाटा असाधारण मोठा असतो. युरियाचा पाया अमोनिया, आणि अमोनियाचा पाया नैसर्गिक वायू. १ टन युरियासाठी सुमारे ०.५८ टन अमोनिया लागतो. वायूवर आधारित कारखान्यात युरियाच्या उत्पादनखर्चाचा सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के भाग एकट्या वायूचा असतो. देशातील वायू अपुरा असल्याने मोठ्या प्रमाणावर आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर अवलंबून राहावे लागते.

स्फुरदयुक्त खतांची साखळी अधिक लांब आहे. १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असलेल्या डीएपीच्या १ टनासाठी सुमारे ०.४७ टन स्फुरद फॉस्फरिक आम्लाच्या रूपात आणि सुमारे ०.२२ टन अमोनिया लागतो. हे आम्ल रॉक फॉस्फेट आणि गंधकाम्लापासून तयार होते, तर १ टन गंधकाम्लासाठी साधारणतः एक तृतीयांश टन गंधक लागते. राजस्थानातील झामरकोटडा येथील खाणीसारखे अपवाद वगळता भारताला रॉक फॉस्फेट मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो इत्यादी देशांतून आणावे लागते. पालाशाच्या बाबतीत तर देशाचे परावलंबित्व जवळजवळ पूर्ण आहे.

या सर्व मालाची किंमत डॉलरमध्ये ठरते. त्यामुळे किंमत स्थिर असूनही रुपया घसरल्यास खर्च वाढतो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलरचा भाव ६८ रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा विनिमयाचे संरक्षण न घेतलेल्या आयातदारांना याचा प्रत्यय आला.

वाढीव खर्चाचा भार कोणाचा?

इतर उद्योगांत कच्चा माल महागला की पहिला प्रश्न विचारला जातो तो, वाढ ग्राहकाकडून वसूल होईल काय, असा. भारतीय खत उद्योगात ग्राहक एक असला तरी पैसे देणारे दोन आहेत. शेतकरी किमतीचा एक भाग देतो आणि उर्वरित भाग केंद्र शासन अनुदानाच्या रूपाने कंपनीला देते. म्हणून येथे तीन प्रश्न विचारावे लागतात. वाढ कोण सोसणार, किती सोसणार आणि केव्हा देणार? या प्रश्नांची उत्तरे धोरणानुसार बदलत गेली आहेत.

मराठे समितीच्या शिफारशींवर आधारित धारण किंमत योजना नोव्हेंबर १९७७ मध्ये सुरू झाली. कारखान्याचा वाजवी खर्च आणि स्वनिधीवर करोत्तर १२ टक्के परतावा, अशी हमी तीत होती. या व्यवस्थेत कच्च्या मालाच्या किमतीचा धोका शासनाने उचलला होता. परंतु खर्च वाढला तरी भरून मिळत असल्याने कार्यक्षमतेची प्रेरणा दुर्बल झाली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त झाली. युरियासाठी १ एप्रिल २००३ पासून कारखान्यांच्या गटांवर आधारित नवी किंमत योजना आली. पुढे २०१५ च्या नव्या युरिया धोरणाने कारखान्यांना ऊर्जावापराचे निकष ठरवून दिले आणि त्याच वर्षी वायूच्या किमतीचे एकत्रीकरण करून कारखान्यांना समान दराने वायू देण्याची व्यवस्था झाली.

युरियाची विक्री किंमत मात्र जवळजवळ गोठलेली राहिली. २०१८ मध्ये ४५ किलोचे पोते आल्यानंतर त्याची किंमत कडुनिंब-लेपनाचा आकार व कर वगळता २४२ रुपये ठेवण्यात आली. वायू कितीही महागला तरी शेतकऱ्याने द्यावयाची रक्कम बदलत नाही. संपूर्ण फरक अनुदानात जातो.

तथापि युरिया उत्पादक पूर्णतः सुरक्षित आहे असे समजणे चुकीचे ठरेल. वायूचा खर्च ऊर्जा-निकषाच्या मर्यादेपर्यंतच भरून मिळतो. एखादा जुना कारखाना निकषापेक्षा प्रति टन ०.२५ गिगाकॅलरी अधिक ऊर्जा वापरत असेल, तर ती साधारणपणे १ दशलक्ष ब्रिटिश उष्मांक एककाएवढी होते. वायूचा दर १० डॉलर असताना त्याला प्रति टन १० डॉलर पदरचे घालावे लागतात. दर २० डॉलर झाल्यास हाच तोटा दुप्पट होतो. याउलट निकषापेक्षा कमी ऊर्जा वापरणाऱ्या कारखान्याची बचत वायू महागल्यावर अधिक मोलाची ठरते. अर्थात एकाच भाववाढीने एकाची पत खालावते, तर दुसऱ्याची सुधारते.

स्फुरद व पालाशयुक्त खतांचे गणित निराळे आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या पोषकद्रव्याधारित अनुदान धोरणात नत्र, स्फुरद, पालाश व गंधक यांच्या प्रति किलो मात्रेवर अनुदान आगाऊ ठरविले जाते. विक्री किंमत ठरविण्याची मुभा तत्त्वतः कंपनीला असते. म्हणजेच अनुदान स्थिर आणि खर्च अस्थिर अशी ही रचना आहे. व्यवहारात ही मुभाही मर्यादित आहे. जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आयातदारांसाठी ८ टक्के, उत्पादकांसाठी १० टक्के आणि एकात्मिक उत्पादकांसाठी १२ टक्के एवढाच नफा वाजवी मानला आहे.

या दोन व्यवस्था एकाच कंपनीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सार्वजनिक कंपनीचा रायगड जिल्ह्यातील थळ येथील कारखाना युरियाचा आहे, तर मुंबईतील ट्रॉम्बे येथे युरियासोबतच ‘सुफला’ हे मिश्रखत तयार होते. थळच्या युरियाला वायूच्या दरवाढीची निकषानुसार भरपाई मिळते. ‘सुफला’साठी लागणारे रॉक फॉस्फेट व पोटॅश महागले तर मात्र ठरलेल्या अनुदानातच भागवावे लागते किंवा किंमत वाढवावी लागते. म्हणूनच खत कंपनीच्या पतपात्रतेचा विचार करताना तिच्या उत्पादनांची विभागणी प्रथम पाहावी लागते.

एक काल्पनिक उदाहरण

खर्च संपूर्ण भरून मिळाल्यास पतपात्रतेला धोका नाही, असा समज प्रचलित आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. ही कंपनी वर्षाला ४ लाख टन डीएपी विकते. प्रति टन कच्च्या मालाचा खर्च ३६,००० रुपये व इतर खर्च ४,००० रुपये आहे. शेतकऱ्याकडून २२,००० आणि शासनाकडून २२,००० रुपये मिळतात. म्हणजे प्रति टन ४,००० रुपये, वर्षाला १६० कोटी रुपये ढोबळ नफा होतो. दोन महिन्यांचा कच्चा माल साठ्यात आणि तीन महिन्यांचे अनुदान येणे आहे. ही गरज ९ टक्के व्याजाच्या अल्पमुदती कर्जातून भागते. त्याखेरीज ३०० कोटींच्या मुदत कर्जावर १० टक्क्यांनी ३० कोटी रुपये व्याज आहे. आता कच्चा माल ५० टक्क्यांनी महागून ५४,००० रुपये झाला, असे मानू.

तक्ता क्र. १ : भाववाढ आणि व्याज-संरक्षण (रक्कम कोटी रुपयांत)

| स्थिती | ढोबळ नफा | अल्पमुदती कर्ज | एकूण व्याज | व्याज-संरक्षण (पट) |
|---|---|---|---|---|
| अ) मूळ स्थिती | १६० | ४६० | ७१.४ | २.२४ |
| ब) वाढ पूर्ण भरून मिळाली, अनुदान ३ महिन्यांनी | १६० | ७६० | ९८.४ | १.६३ |
| क) वाढ पूर्ण भरून मिळाली, अनुदान ६ महिन्यांनी | १६० | १,१६० | १३४.४ | १.१९ |
| ड) वाढीतील २,००० रुपये भरून मिळाले नाहीत, अनुदान ६ महिन्यांनी | ८० | १,१२० | १३०.८ | ०.६१ |

‘ब’ स्थितीत शासनाने एक रुपयाही कमी दिलेला नाही. कंपनीच्या ढोबळ नफ्यात काहीही फरक पडलेला नाही. तरीही साठा आणि येणे रक्कम यांचे मूल्य वाढल्यामुळे कर्ज ४६० कोटींवरून ७६० कोटींवर गेले आणि व्याज-संरक्षण घटले. ‘क’ स्थितीत केवळ तीन महिन्यांच्या विलंबाने ते १.१९ पट झाले. ‘ड’ स्थितीत १८,००० रुपयांच्या वाढीपैकी अवघे २,००० रुपये राहून गेले, तरी कंपनी व्याजही भागवू शकत नाही. किमतीची पातळी, भरपाईचे प्रमाण आणि भरपाईची वेळ हे तीन स्वतंत्र धोके आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

येथे बँकेच्या नियमांचाही संबंध येतो. खेळत्या भांडवलाचे कर्ज मंजूर मर्यादेइतके सरसकट उचलता येत नाही. साठा व येणे रकमा यांच्या प्रमाणात उचल क्षमता ठरते आणि ठरावीक मुदतीपेक्षा जुनी येणी तीतून वगळली जातात. अनुदान जितके जास्त थकते, तितकी कंपनीची गरज वाढते, आणि नेमकी तेव्हाच तिची उचल क्षमता कमी होऊ लागते.

भाव घसरण्याचा धोका

कच्चा माल स्वस्त होणे ही उत्पादकासाठी सदैव शुभवार्ता असते, हा दुसरा समजही तपासून पाहिला पाहिजे. वरील कंपनीकडे ५४,००० रुपये दराचा दोन महिन्यांचा, म्हणजे ३६० कोटींचा साठा असताना बाजारभाव पुन्हा ३६,००० रुपयांवर आला आणि अनुदानही त्याप्रमाणे कमी झाले, तर त्या साठ्यावर १२० कोटींचे नुकसान होते. वर्षभराच्या ढोबळ नफ्याचा तीन चतुर्थांश भाग त्यात जातो.

हे केवळ तर्काचे उदाहरण नाही. २००८ च्या मध्यावर जागतिक बाजारात डीएपीची किंमत प्रति टन १,००० डॉलरच्या पुढे गेली होती. गंधकाचा दर काही महिन्यांत अनेक पटींनी चढला आणि वर्षअखेरीस जागतिक वित्तीय अरिष्टात तो कोसळला. चढ्या भावात माल घेतलेल्यांच्या हाती महागडा साठा राहिला. मार्च २०१८ पर्यंत देशभर लागू झालेल्या थेट लाभ हस्तांतरण पद्धतीने हा धोका अधिक वाढविला आहे. पूर्वी माल जिल्ह्यात पोहोचताच अनुदानाचा मोठा भाग मिळत असे. आता विक्रेत्याच्या यंत्रावर शेतकऱ्याच्या नावे विक्रीची नोंद झाल्यावरच अनुदानाचा हक्क निर्माण होतो. पाऊस लांबला की विक्री लांबते, विक्री लांबली की अनुदान लांबते आणि साठा पडून असताना दर बदलण्याचा संभव राहतो.

दोन भाववाढी, दोन परिणाम

२००७-०८ व २००८-०९ मध्ये वाढलेल्या अनुदानाचा काही भाग शासनाने रोखीऐवजी रोख्यांच्या रूपात दिला. कंपन्यांना रोकड हवी असल्याने हे रोखे दर्शनी मूल्यापेक्षा कमी किमतीस विकावे लागले. कागदावर पूर्ण मिळालेले अनुदान प्रत्यक्षात अपुरे ठरले आणि रोखतेवरील ताण वाढला.

२०२१-२२ मधील भाववाढ आकाराने लहान नव्हती. भारतीय खरेदीदारांसाठी तिमाही कराराने ठरणारा फॉस्फरिक आम्लाचा दर २०२० च्या अखेरीस ७०० डॉलरच्या आसपास होता. २०२२ च्या मध्यास तो १,७०० डॉलरच्या पुढे गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या रशिया-युक्रेन युद्धाने वायू व अमोनियाचे भावही भडकले. तरीही २००८ प्रमाणे रोखतेची कोंडी झाली नाही. त्यामागे दोन कारणे होती. पहिले, नोव्हेंबर २०२० मध्ये शासनाने खत अनुदानासाठी ६५,००० कोटी रुपयांची अतिरिक्त तरतूद जाहीर केली. वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेलेली थकबाकी त्यातून फेडली गेली आणि कंपन्यांची अल्पमुदती कर्जे उतरली. दुसरे, दरवाढीसोबत अनुदानही वाढत गेले. डीएपीच्या पोत्यामागील अनुदान मे २०२१ मध्ये ५०० वरून १,२०० रुपये, नंतर १,६५० रुपये आणि एप्रिल २०२२ मध्ये २,५०१ रुपये झाले. मे २०२२ मध्ये आणखी १.१० लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. परिणामी २०२२-२३ चे खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचले.

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. भाववाढीपूर्वी ताळेबंद कसा होता आणि भाववाढीत रोकड केव्हा आली, यांवर पतपात्रता टिकली. अर्थात, हा भार नाहीसा झाला नाही. तो कंपनीच्या ताळेबंदातून राजकोषात गेला.

अनुदानाचे असे छत्र नसलेल्या देशांत काय घडते, हे युरोपात दिसून आले. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील वायूचा घाऊक दर प्रति मेगावॅट-तास ३०० युरोंच्या पुढे गेला. अनेक उत्पादकांनी अमोनियाचे उत्पादन कमी केले. बीएएसएफ कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये लुडविग्सहाफेन येथील दोनपैकी एक अमोनिया संयंत्र बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच काळात स्वस्त देशी वायू मिळणाऱ्या अमेरिकन उत्पादकांनी विक्रमी नफा मिळविला. स्पर्धकाच्या तुलनेत उत्पादकाचा खर्च किती, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरला.

पत टिकविण्याचे उपाय

कच्च्या मालाचा धोका कमी करण्यासाठी कंपन्यांनी विविध मार्ग अवलंबिले आहेत. रॉक फॉस्फेटपासून स्वतःच आम्ल तयार करणारी कंपनी आयात आम्लावरील नफ्याचा वाटा स्वतःकडे राखू शकते. मोरोक्कोतील इमासिड, ओमानमधील ओमिफ्को यांसारख्या परदेशातील संयुक्त प्रकल्पांमागे पुरवठ्याची शाश्वती हाच विचार आहे. तळोजा येथे दीपक फर्टिलायझर्सच्या समूहाने २०२३ मध्ये स्वतःचा मोठा अमोनिया प्रकल्प कार्यान्वित केला. तथापि असे प्रकल्प मोठ्या कर्जातून उभे राहतात. कच्च्या मालाचा धोका कमी करताना कर्जभाराचा धोका वाढतो, हे विसरून चालत नाही.

गोव्यातील झुआरीनगरचा कारखाना या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. नाफ्थ्यावर चालणारा हा कारखाना नंतर वायूकडे वळला. झुआरी ॲग्रो केमिकल्सने २०२२ मध्ये तो पारादीप फॉस्फेट्सकडे हस्तांतरित केला. कर्जभार हलका करणे हा या विक्रीमागील एक प्रमुख हेतू होता. पत क्षीण झाली तरी कारखाना निरुपयोगी होत नाही, परंतु त्याची मालकी अधिक सबळ ताळेबंदाकडे सरकते, असे यातून दिसते.

अनुदानातील विलंबावर ‘विशेष बँकिंग व्यवस्था’ हा एक उपाय योजला गेला. तीत अनुदानाच्या येणे रकमेवर बँका कंपन्यांना कर्ज देतात आणि व्याजाचा काही भाग शासन सोसते. हा उपाय तात्पुरता दिलासा देतो, मात्र येणे रक्कम त्यामुळे वसूल झालेली नसते.

समारोप

वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अध्यापनात कच्च्या मालाच्या किमतीचा परिणाम बहुधा उत्पादनखर्चाच्या प्रकरणात शिकविला जातो आणि पतपात्रता वित्त व्यवस्थापनाच्या प्रकरणात. खत उद्योग या दोहोंची सांगड घालून देतो. एखाद्या खत कंपनीचा ताळेबंद वाचताना पुढील प्रश्न उपयुक्त ठरतील : उत्पादनात युरियाचा वाटा किती आणि इतर खतांचा किती? ऊर्जावापर निकषाच्या आत आहे काय? आम्ल व अमोनिया स्वतःचे की आयात केलेले? अनुदानाची येणे रक्कम किती महिन्यांची आहे? हंगामाअखेर साठा किती उरतो आणि परकीय चलनाचे किती देणे संरक्षणाविना आहे? या प्रश्नांची उत्तरे हाती असतील, तर भाववाढीच्या बातमीतून कोणत्या कंपनीवर ताण येईल याचा अंदाज बऱ्याच अंशी बांधता येतो.

पतपात्रतेचा हा विचार केवळ बँका व भागधारक यांच्यापुरता मर्यादित नाही. पत आटलेल्या कंपनीचे जहाज बंदरात उशिरा लागते. पेरणी मात्र पावसाच्या वेळेनुसारच होते. अनुदानाची रक्कम किती, याबरोबरच ती केव्हा मिळते याकडे धोरणकर्त्यांनी लक्ष देणे आवश्यक आहे, ते याच कारणास्तव. वेळेवर दिलेला रुपया आणि सहा महिन्यांनी दिलेला रुपया हे राजकोषाच्या हिशेबात सारखेच दिसतात. कंपनीच्या, आणि अखेर शेतकऱ्याच्या, हिशेबात मात्र ते सारखे नसतात.